सोन्याआधी शाई

सुशोभित पान करायचे ठरले की मन आधी वर्खाकडे आणि वेलबुट्टीकडे धावते. पण पान बिघडते ते बहुधा मजकुरात: ओळ शेवटी दाटते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. म्हणून सराव सुट्या अक्षरांचा करून भागत नाही, तो अख्ख्या पानाचा करावा लागतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. पान शिसाने आखून घ्यावे, ओळीला ओळ लागू नये, पहिले अक्षर जसे आले तसेच ग्रंथ संपेपर्यंत येत राहावे, असे ते सांगतात. भोवती जागा सोडायला सांगतात तेही कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडू नये म्हणून. इतका नेमका धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची जी हस्तलिखिते आहेत, त्यांची २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली. वैदिक पोथीत अक्षरांच्या वर-खाली स्वरचिन्हे द्यायची असतात, आणि तेवढी जागा लिहिणाऱ्याला आधीच धरून ठेवावी लागते. आपल्यालाही हेच करायचे आहे.

सुरुवात बोरूपासून. देवनागरीसाठी बोरूचा कत, म्हणजे टोकाचा छेद, रोमन अक्षरांच्या निबेच्या उलट बाजूला तिरका लागतो. बाजारातली परदेशी निब तशीच वापरली तर जाड रेघ नको तिथे येते. अक्षराची उंची कताच्या पाचपट धरावी. कत ३ मिलिमीटरचा असेल तर अक्षर १५ मिलिमीटरचे, आणि मात्रा-उकारांसाठी जवळजवळ तेवढीच जागा आणखी. म्हणजे एका शिरोरेघेपासून दुसरीपर्यंत ३० मिलिमीटर. आखणी पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने.

आता एकच ओळ घ्या: श्री गणेशाय नमः. यात ‘श’ दोनदा येतो, एकदा जोडाक्षरात आणि एकदा कान्यासह. दोन्हींचे वळण एकाच हातचे वाटते का, ते पाहा. ‘श्री’ची वेलांटी आणि ‘णे’ची मात्रा वर किती जागा खातात, ते मोजा. पुढे ‘ग’पासून ‘म’पर्यंत उभ्या रेघाच रेघा आहेत. त्यांच्यामधले पांढरे अंतर सारखे पडले की ओळ शांत दिसते. ते तपासायला कागद उलटा धरावा: वाचता येईनासे झाले की डोळा फक्त काळे-पांढरे पाहतो. मांडायचा कागदच सरावाला घ्या, कारण हातकागद शाई वेगळ्याच चालीने पितो. शिरोरेघ शब्द वाळल्यावर ओढावी, नाहीतर ओली शाई तिच्याबरोबर फरफटते.

युरोपातल्या ‘बुक ऑफ केल्स’सारख्या ग्रंथांत एखादे आद्याक्षर सगळे पान व्यापते. ते पाहून आपणही पहिल्या अक्षरावर नक्षीचा भार टाकतो, पण देवनागरीत शिरोरेघ अक्षरांना बांधून ठेवते. एकच अक्षर फुगवले की शब्द तुटतो. मला तरी सोने समासातल्या चौकटीत, दंडात आणि विसर्गाच्या ठिपक्यांत अधिक शोभते.

सराव सोन्याचाही हवा. कागदाच्या त्याच तुकड्यावर डिंकाचा हात देऊन वर्ख लावा, वाळू द्या आणि अकीकाने घोटून पाहा. डिंक पातळ असेल तर वर्ख सुटतो, जाड असेल तर भेगा पडतात.

मग खरे पान. बसल्याबरोबर त्यावर हात टाकू नका; बाजूच्या तुकड्यावर तीच ओळ लिहून शाई सुरळीत उतरू द्या. जैन पोथ्यांत लेखक चित्राची जागा कोरी सोडून आधी मजकूर लिहीत, चित्रकार मागून येई. तोच क्रम ठेवावा. मजकूर पुरता वाळला की पेन्सिलीच्या रेघा पुसाव्यात, त्याही सोने चढण्याआधीच. घोटलेल्या वर्खावर रबर फिरले की चकाकी जाते. रंग सर्वांत शेवटी, कारण सोन्याची वेडीवाकडी कड रंगाच्या बारीक रेघेनेच सावरता येते.