ललितकलादर्श नाटक मंडळी

पूर्वी नाटक मंडळ्या गावोगाव फिरत. ‘ललितकलादर्श’ ही त्यांतलीच एक. कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी ती १९०८ साली हुबळीस काढली. वय विशीच्या आतच!

गाण्यात बालगंधर्वांशी त्यांची मोठी चुरस. दोघांच्या मंडळ्या वेगळ्या. तरी १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मुंबईत मिळून ‘मानापमान’ नाटक केले. केशवराव नायक झाले. तेव्हा बायकांची कामे पुरुष करीत. बालगंधर्व नायिका झाले. देशकार्यापुढे चढाओढ विसरली.

त्याच वर्षी केशवराव वारले. वय अवघे ३१. पण मंडळी मोडली नाही. मंडळीतल्याच बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी.

आपणही भजनी मंडळ काढतो, सोसायटी काढतो. आम्ही म्हणतो, काढणारा हवाच. पण मागे सांभाळणाराही तयार करावा.