फ्रेंच शिकायचीय? तेही फुकट?

पहिल्या वर्षाच्या मॅथ्समध्ये आपण सगळ्यांनी 'एल हॉस्पिटल रूल' घोकलाय. त्या बिचाऱ्याच्या नावाचा खरा उच्चार 'लोपिताल' असा आहे! तसंच कूलंबमधला शेवटचा 'ब' फ्रेंच माणूस उच्चारत नाही आणि फूरियर म्हणजे 'फूरिए'. इतकी फ्रेंच मंडळी आपल्या सिलॅबसमध्ये ठाण मांडून बसलीयेत आणि आपल्याला त्यांची नावंसुद्धा नीट घेता येत नाहीत.

पण फ्रेंच शिकायचं कारण एवढंच नाही. फ्रान्समध्ये मास्टर्स करायचा विचार आपल्यातले बरेच जण करतात. तिथले काही कोर्सेस इंग्लिशमध्ये असतात हे खरं, पण घर शोधताना, बँकेत किंवा इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला फ्रेंच लागतेच. मग क्लासची चौकशी होते, फी कळते आणि विषय तिथेच संपतो. कॉलेजची फी, हॉस्टेल, शिवाय घरी धाकट्या भावंडाचं शिक्षण, अशात बाबांकडे आणखी पैसे मागायला जीभ रेटत नाही. म्हणून हा लेख. सुरुवातीची फ्रेंच नेटवर खरंच फुकट शिकता येते, आणि तीही पायरेटेड पुस्तकं न वापरता.

आधी 'लेव्हल' म्हणजे काय ते समजून घेऊ. काउन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषेच्या सहा पातळ्या ठरवून दिल्या: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन आणि सी-टू. ए-वन म्हणजे स्वतःची ओळख करून देणं, वेळ-किंमत विचारणं, साधी पाटी वाचणं. त्यासाठी साधारण ८० ते १०० तास अभ्यास धरतात. रोज पाऊण तास दिला तर झाले चार महिने. म्हणजे आपलं एक सेमिस्टर!

आता साधनं. नेटवर ढीगभर आहेत आणि गोची तिथेच होते. पाच अ‍ॅप्स डाउनलोड करायची, वीस चॅनल्स सबस्क्राइब करायची आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद! म्हणून प्रत्येक कामाला एकच साधन घ्या.

मुख्य कोर्स म्हणून टेक्सास विद्यापीठाचा (ऑस्टिन) 'फ्रांसे अँतेराक्तीफ' घ्या. पुस्तकाची पीडीएफ, व्हिडिओ, शब्दांचे उच्चार, सगळं मोफत, आणि समजावून सांगितलंय इंग्लिशमधून. याच क्रमाने पुढे जायचं, उड्या मारायच्या नाहीत. सरावासाठी 'टीव्ही-साँक माँद' या फ्रेंच चॅनलची शिकणाऱ्यांसाठीची साइट आहे. छोटे व्हिडिओ आणि त्यावरचे प्रश्न तिथे ए-वनपासून बी-टूपर्यंत लेव्हलप्रमाणे लावलेले असतात. शब्द पाठ करायला 'अंकी' वापरा. तुम्ही विसरायच्या बेतात असता, तेव्हाच ते शब्द पुन्हा विचारतं. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर मात्र पैसे पडतात. एखाद्या शब्दाचा उच्चार अडला तर 'फोर्वो'वर तो खऱ्या फ्रेंच माणसाच्या आवाजात ऐका. डुओलिंगो बसमध्ये खेळायला छान आहे, पण फक्त त्यावर भिस्त ठेवू नका.

टायपिंगची एक युक्ती. विंडोजमध्ये 'यूएस इंटरनॅशनल' कीबोर्ड निवडा. आधी अपॉस्ट्रॉफी आणि मग ई दाबलं की डोक्यावर अ‍ॅक्सेंट घेऊन ई हजर!

आणि हो, मराठी येणाऱ्यांना काही गोष्टी आयत्याच मिळतात. इंग्लिशमधून शिकणारी मुलं 'टेबल स्त्रीलिंगी का?' म्हणून डोकं आपटतात. आपल्याला खुर्ची ती आणि पंखा तो, यात काही नवल वाटत नाही. उलट आपल्याकडे तीन लिंगं आहेत, त्यांच्याकडे दोनच! तू आणि तुम्हीसारखे 'त्यू' आणि 'वू' आहेत. फ्रेंच 'ट-ड' इंग्लिशसारखे नसून आपल्या 'त-द'च्या जवळचे आहेत. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यात जसा फरक, तसाच त्यांच्या लिखाणातही होतो. ऐंशीला ते 'कात्र-व्हँ' म्हणजे 'चार वीस' म्हणतात. गावाकडे जुनी माणसं 'चार विसा' म्हणायची, तेच गणित! म्हणून नवा नियम आला की इंग्लिशच्या आधी मराठीत तसं काही आहे का ते बघा. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तर हे खास सांगायला हवं!

फुकटच्या मालाची एक मर्यादा मात्र आहे. तुमचं बोलणं चुकलं तर कोणी कान धरत नाही. त्यावर उपाय म्हणजे मूळ वाक्य ऐकायचं, आपलं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही लागोपाठ ऐकायचं. शिवाय एक पार्टनर गाठा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास फक्त फ्रेंच बोला. ए-टूच्या आसपास पोचलात की आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र ऐका, त्याची लेखी प्रतही मिळते.

पैसे लागतात ते सर्टिफिकेटसाठी. 'डेल्फ' ही परीक्षा पुणे-मुंबईत आलियाँस फ्रांसेजमार्फत देता येते आणि तिचं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ मार्क. पास व्हायला एकूण ५० हवेत आणि प्रत्येक भागात निदान ५. परीक्षा घेणाऱ्या 'फ्रांस एद्युकास्यों अँतेरनास्योनाल'च्या साइटवर नमुना पेपर मोफत आहेत. फॉर्म भरण्याआधी दोन पेपर घड्याळ लावून सोडवा. ६०-६५ पडत असतील तर खुशाल फी भरा. नसतील तर महिनाभर थांबा, तेवढेच पैसे वाचतील.

तर मग, पुढच्या सेमच्या टाइमटेबलमध्ये रोजचा पाऊण तास आत्ताच राखून ठेवा. बॉन शाँस!