मोती, इकडं बघ की!

चार कुत्रे एकाच चौकटीत, एकाच वेळी, न भांडता उभे करणं आजवर फक्त दत्तगुरूंना जमलंय! नेवासे तालुक्यातल्या देवगडला जाऊन आलेल्या घरांत तो फोटो भिंतीवर हमखास दिसतो. ते चार कुत्रे म्हणजे चार वेद, अशी श्रद्धा. आपला मोती एकटाच, तरी ऐन क्षणी मान फिरवतो.

पारनेरच्या कोरठण खंडोबाला उधळतात तो भंडारा मात्र त्याला झकास दिसत असणार. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट कळतो. लाल-हिरव्यात गल्लत होते. तेव्हा फोनमागं चेंडू नाचवायचाच तर पिवळा घ्या. बाजरीच्या भाकरीचा तुकडा त्याहून बरा. वासाला रंग लागत नाही.

रात्री फ्लॅश मारला की मोतीचं भूत होतं! त्याच्या डोळ्यात पडद्यामागं आरशासारखा थर असतो, तो उजेड परत फेकतो. अंधारात बघायला हाच थर त्याच्या कामी येतो. आपल्याला तो नाही, म्हणून लग्नाच्या फोटोत आपले डोळे लाल आणि त्याचे हिरवे-पिवळे.

फ्लॅश हवाच कशाला? नगरच्या एप्रिल-मेच्या दुपारी कुत्रा स्वतःच जागा निवडून देतो: उघड्या दाराच्या आत, गार शहाबादी फरशीवर, चारी पाय पसरून. दारातला उजेड एका बाजूनं येतो, राखाडी फरशीवर केस न् केस उठून दिसतो. फक्त तुम्ही उभ्यानं फोटो काढू नका. सरळ फरशीवर पोट टेका आणि फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. वरून काढलेल्या फोटोत डोकं भोपळ्याएवढं आणि पाय गायब, हे माझं पक्कं मत!

कुत्रा काळा असेल तर फोन त्याला उजळवून राखाडी करून टाकतो. पडद्यावर कुत्र्याला बोट लावा आणि उजेड थोडा खाली ओढा. काळा काळाच राहील.

आता त्याची ती गरीब नजर. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की भुवईचं आतलं टोक वर उचलणारा ठळक स्नायू कुत्र्यांत असतो, लांडग्यांत तो जेमतेम. नगरच्या माळावरचा लांडगा असा चेहरा करून भाकरी मागणार नाही!

शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, हे खरंच. पण वाकतं कुठं? इटलीतल्या संशोधकांना 2007 मध्ये आढळलं, की मालक दिसला की ते कुत्र्याच्या उजवीकडं जास्त हलतं. जुने व्हिडिओ काढून बघा. मात्र पुढच्या कॅमेऱ्याचे नकोत, त्यात डावं-उजवं उलटं होऊ शकतं.

आंघोळीनंतर लॅब्रॅडॉर अंग झटकतो ते सेकंदाला चारेक वेळा. लागोपाठ फोटो काढा, निम्मे टाकून द्या, आणि फोन लांब धरा.

आणि नाक! त्यावरच्या रेषा प्रत्येक कुत्र्याच्या वेगळ्या, आपल्या अंगठ्यासारख्या. कॅनडातल्या केनेल क्लबनं 1938 मध्ये नाकाचा ठसा ओळख म्हणून मानायला सुरुवात केली होती. तेव्हा बाकीचे फोटो बिघडले तरी बिघडू देत, नाकाचा एक जवळून, स्पष्ट फोटो आजच काढून ठेवा. मोती हरवलाच तर ओळख पटवायला उपयोगी पडेल.