राख, रिठा आणि चिंच

घरातील मळ एकाच जातीचा नसतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर धरतो तो तेल आणि धूर यांचा चिकटा. पितळेच्या समईवर चढते ती हवेने काळवंडलेल्या धातूची पुटी. न्हाणीघरातील फरशीवर साचतो तो पाण्यातील क्षारांचा थर. या प्रत्येकाचे रासायनिक स्वरूप निराळे असल्यामुळे एकच जालीम द्रव्य सगळीकडे ओतले की काम भागते, ही समजूत मुळातच चुकीची आहे. जुन्या पिढीतील गृहिणीला रसायनशास्त्र अवगत नसेल, परंतु हा भेद तिला नेमका ठाऊक होता. तेलकट कढईला ती राख लावी आणि पितळेला चिंच. त्यांची अदलाबदल ती सहसा करीत नसे.

लाकडाची राख पाण्यात कालवली असता तिच्यातील पोटॅशियम कार्बोनेट विरघळते आणि पाणी अल्कधर्मी बनते. हा अल्क तेला-तुपातील मेदाम्लांशी संयोग पावतो व भांड्यावरच थोडाफार साबण तयार होतो. न विरघळलेले बारीक कण घासण्याचे काम करतात. ‘अल्कली’ हा शब्दही मूळ अरबी असून क्षारयुक्त वनस्पतींच्या राखेशीच त्याचा संबंध आहे. भारतात या एकाच तत्त्वाची नाना रूपे आढळतात. आसामात केळीच्या वाळवलेल्या सालींच्या राखेतून गाळून काढलेला ‘कोलाखार’ स्वयंपाकात वापरतात आणि कपडे धुण्यासाठीही वापरीत आले आहेत. गंगेच्या मैदानातील ऊसर जमिनीवर उन्हाळ्यात फुलून येणारी पांढरी ‘रेह’ धोबी गोळा करीत. राजस्थान आणि पंजाबच्या खारवट भागात झुडपे जाळून सज्जीखार करीत असत, तर महाराष्ट्रात लोणारच्या सरोवरातून एके काळी खार काढला जाई. अर्थात राख सौम्य असली तरी हाताची कातडी ती कोरडी पाडतेच, आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना तर ती मुळीच मानवत नाही, कारण अल्क त्या धातूला खातो.

रिठ्याची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याच्या एका जातीचे वृक्ष हिमालयाच्या पायथ्याशी व दुसरीचे दक्षिणेत वाढतात. दोहोंच्या फळांच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे पाणी धाग्यांत शिरते आणि मळ सुटा होतो. साबणाची विहिरीच्या जड पाण्याशी गाठ पडली की त्याचा पांढरा साका बनतो व निम्मा साबण वाया जातो; रिठ्याचे तसे होत नाही. शिवाय साबण अल्कधर्मी असतो, आणि लोकर व रेशीम ही प्राणिज प्रथिने असल्याने अल्काने त्यांची झीज होते. रिठ्याचा काढा मात्र किंचित अम्लधर्मी असतो. काश्मिरी शाली आणि रेशमी साड्या रिठ्याने धुण्याच्या प्रथेचे मर्म यातच आहे.

आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून टाकून त्यांची साले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावीत व सकाळी उकळून गाळून घ्यावीत. हा काढा तीन-चार दिवसांत आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करणे बरे. पांढऱ्या कपड्यावर त्याची पिवळसर झाक राहण्याचा संभव असतो. तो डोळ्यांत गेल्यास चांगलीच आग होते. आणि ज्या सॅपोनिनमुळे फेस येतो त्यानेच मासे मरतात, हेही विसरू नये. निसर्गातून आलेली वस्तू म्हणजे निरुपद्रवी वस्तू, असे समीकरण मांडता येत नाही.

चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्या-पितळेवरील ऑक्साइडची पुटी विरघळवते. चिमूटभर मीठ घातल्यास काम अधिक लवकर होते. मात्र भांडे लगेच स्वच्छ धुऊन कोरडे पुसले नाही, तर त्यावर हिरवट डाग उमटतात. संगमरवरावर चिंच, लिंबू किंवा कोणतेही आम्ल कदापि लावू नये, कारण तो दगडच आम्लात विरघळतो. आग्र्याच्या ताजमहालावरील पिवळेपणा काढण्यासाठी १९९४ पासून वेळोवेळी मुलतानी मातीचा लेप देण्यात आला. माती मळ शोषून घेते आणि वाळल्यावर पाण्याने ती धुऊन काढता येते.

हे टार्टारिक आम्ल द्राक्षमद्याच्या गाळातून प्रथम वेगळे करणारा स्वीडिश रसायनज्ञ शेले होय. हे साल १७६९. पाच वर्षांनी, १७७४ मध्ये, त्यानेच क्लोरीन वायू तयार केला. आम्ल आणि क्लोरीनयुक्त द्रव्य यांची गाठ आजच्या न्हाणीघरात अजाणता पडते. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन अल्कधर्मी रूपात बद्ध असतो. त्यावर संडास धुण्याचे आम्ल, एवढेच काय, पण लिंबाचा रस किंवा सिरका पडला तरी तो मोकळा होतो. १९१५ साली ईप्र येथील रणभूमीवर सोडण्यात आला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे फरशी घासणारी स्त्री, जी बहुधा घरची नसून मोलकरीण असते, ती नेमकी जमिनीलगत बसलेली असते. डब्यावरील इशारा तिला कोणी वाचून दाखवीत नाही. तीव्र वास येऊन डोळ्यांतून पाणी वाहू लागताच काम तसेच टाकून उघड्यावर यावे, दार उघडे ठेवावे आणि श्वास लागल्यास डॉक्टरकडे जावे.

स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. चिंचेने पटकीचे जंतू हटत नाहीत. घरात तशी साथ शिरली तर पाण्यात कालवलेली ब्लीचिंग पावडरच वापरावी लागते, पण एकटी, आणि खिडक्या उघडून. शेणाने सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते हे खरे, परंतु शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. नवजात अर्भकाच्या नाळेला शेण लावण्याच्या चालीने पूर्वी असंख्य बालके दगावली; भारतातून नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, ते लसीकरण आणि निर्जंतुक प्रसूती यांमुळे.

अलीकडे सोडा आणि लिंबू एकत्र करून लावण्याची टूम निघाली आहे. फसफस दिसते खरी, पण अल्क आणि आम्ल एकमेकांना निष्प्रभ करून टाकतात व मागे बहुतांशी मीठवजा पाणी उरते. दोन्ही वापरायचेच असतील, तर आधी सोड्याने चिकटा काढावा, फरशी धुऊन घ्यावी आणि मगच क्षाराच्या थरावर लिंबू लावावे.