निळ्यात राखलेलं पांढरं

मंजिष्ठेचा लाल कापडावर चढवायचा तर तुरटी हवी, चूल हवी आणि तासभर तापत्या पाण्यात कापड ढवळत राहण्याची तयारी हवी. बहुतेक वनस्पतिजन्य रंगांची हीच गत. नीळ मात्र तुरटी मागत नाही, उकळीही मागत नाही. कोमट द्रावणात काही मिनिटं कापड बुडवलं, हवेत धरलं, की रंग बसतो. निळ्यावर पांढरी नक्षी जपानमध्ये एवढी का फुलली, याचं मला सर्वांत पटणारं उत्तर या गुणधर्मात आहे. पांढरं हे तिथं रंगवलेलं नसतं, राखलेलं असतं. राखण्यासाठी तांदळाची खळ लावतात किंवा दोऱ्यानं कापड आवळतात. उकळत्या रंगात खळ तासभर टिकली नसती. थंड निळीत ती टिकते.

म्हणून ही कला शिकू पाहणाऱ्यानं नक्षीच्या आधी रांजण समजून घ्यावा.

जपानची नीळ आपल्या शेंगवर्गातल्या निळीपेक्षा वेगळ्या कुळातली. ‘ताडेआइ’ नावाचं ते गुडघाभर झुडूप शिकोकु बेटावरच्या तोकुशिमा भागात, योशिनो नदीच्या काठी पिकतं. या नदीला वादळांच्या हंगामात पूर यायचे. भात त्यात वाहून गेला असता. निळीची पानं त्याआधीच कापून होत, आणि पुराचा गाळ पुढच्या पिकाला खत म्हणून मिळे. ताज्या पानात निळा रंग नसतोच. असतं ते इंडिकन, साखरेला जोडलेलं एक रंगहीन संयुग. पान चुरगळलं की त्यातलंच विकर ही साखर तोडतं, इंडॉक्सिल मोकळं होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं इंडॉक्सिलचे दोन रेणू जुळून इंडिगो तयार होतो. आपल्या निळीतला रेणूही हाच. झाडं दोन, रंग एक.

भारतात पानं हौदात भिजवून, पाणी घुसळून निळीच्या वड्या करत. तोकुशिमात पानं वाळवतात आणि शरद ऋतूत त्यांचा ढीग रचून पाणी शिंपतात. दर काही दिवसांनी ढीग उलथायचा, पुन्हा ओला करायचा, पेंढ्याच्या चटयांनी झाकायचा. आत जंतूंचं काम सुरू होतं, तापमान 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरतात. शंभरेक दिवसांनी हाती येतं ते काळपट, मातीसारखं ‘सुकुमो’. पानाचा बराच भाग कुजून गेलेला असतो. पाण्यात न विरघळणारा इंडिगो मागे राहतो आणि त्याच्याबरोबर पुढच्या कामाचे जंतूही.

न विरघळणारा रंग कापडात शिरणार कसा? त्यासाठी तो काही काळ विरघळता करावा लागतो. सुकुमो रांजणात घेऊन त्यावर लाकडाच्या राखेचं निवळलेलं क्षारपाणी ओततात. चुना, गव्हाचा कोंडा, कुठं थोडी साके घालतात. द्रावणाचा सामू 10 ते 11 च्या आसपास, म्हणजे बोटांना साबणासारखा बुळबुळीत. एवढ्या क्षारात बहुतेक जंतू तग धरत नाहीत, पण काहींना तेच मानवतं. जपानी संशोधकांनी अशा रांजणांतून वेगळ्या केलेल्या एका जंतूचं नावच ‘अँफिबॅसिलस इंडिसिरेड्युसेन्स’ असं आहे. हे जंतू इंडिगोच्या घन कणांना इलेक्ट्रॉन देतात. त्यातून पिवळसर, क्षारात विरघळणारं ल्युको-इंडिगो बनतं. रांजण जमून आला की पृष्ठभागावर तांबूस-जांभळी साय धरते आणि मधोमध निळ्या फेसाचा गेंद उभा राहतो. जपानी रंगारी त्याला निळीचं फूल म्हणतात.

शिकणाऱ्याचा खरा कस इथं लागतो. कोंडा खाऊन जंतू आम्लं सोडतात, सामू उतरतो, मग चुना घालावा लागतो. चुना जास्त झाला तर जंतू मंदावतात. फार ढवळलं तर हवा मिसळून तयार ल्युको-इंडिगो पुन्हा निळा होऊन तळाशी बसतो. दिवसभर कापड बुडवत राहिलं की रांजण थकतो आणि त्याला विश्रांती द्यावी लागते. हल्ली सामू मोजायला कागदी पट्टी मिळते. जुने रंगारी वासावरून, फेसावरून आणि जिभेवर थेंब ठेवून हे ओळखत. पट्टी जरूर वापरावी, पण नाक आणि डोळे तयार करण्याला तिचा पर्याय नाही, असं मला ठामपणे वाटतं. कारण पट्टी क्षार सांगते, जंतूंची भूक सांगत नाही.

आता पांढऱ्याकडे. कापड बाहेर काढताच ते पिवळट-हिरवं दिसतं आणि हवेत डोळ्यांदेखत निळं होतं. धाग्याच्या आत शिरलेलं ल्युको-इंडिगो तिथंच पुन्हा अविद्राव्य झालेलं असतं. सुताशी त्याचा पक्का रासायनिक बंध जुळत नाही. कण तंतूंत अडकून बसतात. त्यामुळे एकाच लांब बुडीनं गडद रंग मिळत नाही. लहान बुडी, हवा, पुन्हा बुडी, असं करत थर चढवायचे. राखलेल्या भागालाही हीच रीत सोयीची. दर बुडीत खळ थोडीच मऊ होते, घडीत द्रावण थोडंच झिरपतं. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून घेतात, तेही समजून-उमजून: ओला धागा रंग एकसारखा घेतो, आणि आवळलेल्या घडीत आधीच पाणी भरलेलं असल्यानं निळीला आत जायला वेळ लागतो.

दोऱ्यानं आवळण्याच्या पद्धती म्हणजे ‘शिबोरी’. नागोयाजवळचं आरिमात्सु हे तिचं गाव, 1608 मध्ये तोकाइदो महामार्गावर वसवलेलं. प्रवाशांना विकायला इथं सुती हातरुमाल रंगवत. बारीक चिमटी धरून दोरा गुंडाळला की ‘कानोको’चे ठिपके उमटतात, आपल्या बांधणीशी त्याचं साम्य उघड आहे, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या काही वस्त्रांवरही तसे ठिपके दिसतात. 1880 मध्ये आरिमात्सुतच सुझुकी कानेझो यांनी लांब खांबावर कापड गुंडाळून, दोरा फिरवून ते एका टोकाला दाबत न्यायची युक्ती काढली. तिरप्या पावसासारख्या रेघांच्या त्या नक्षीचं नाव ‘अराशी’, म्हणजे वादळ.

खळीचं काम अधिक काटेकोर. चिकट तांदळाचं पीठ आणि तांदळाचा कोंडा मळून शिजवतात, मग त्यात चुना आणि मीठ घोटतात. मिठामुळे खळ वाळून तडकत नाही. तडकली तर भेगेतून निळा शिरतो. साचा असतो पर्सिमॉन फळाच्या आंबवलेल्या रसानं घट्ट केलेल्या कागदाचा. ‘नागाइता चुगाता’ प्रकारात साडेसहा मीटर लांबीच्या फळीवर कापड ताणून एका बाजूला खळ लावतात, मग उलटून दुसऱ्या बाजूला नेमकी त्याच नक्षीवर पुन्हा. बुडवल्यावर रंग दोन्हीकडून येणार, म्हणून अडसरही दोन्हीकडून. केसभर चूक झाली तर पांढऱ्याची कड गढूळ दिसते. या कौशल्यासाठी शिमिझु कोतारो आणि मात्सुबारा सादाकिची यांना 1955 मध्ये जपान सरकारनं ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. त्याच वर्षी तो मियागी भागातल्या चिबा आयानो यांनाही मिळाला. रांजणाला शेक देऊन वर्षभर रंगवण्याची सोय असतानाही त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, निव्वळ हवेच्या उबेवर नीळ आंबवत.

जर्मनीत 1897 मध्ये कृत्रिम इंडिगो बाजारात आला आणि भारताच्या, मग जपानच्या निळीची शेती ओसरली. त्याचा रेणू नैसर्गिक निळीच्या रेणूहून तसूभरही वेगळा नाही, आणि सोडियम हायड्रोसल्फाइटनं तो तासाभरात विरघळतो. नवशिक्यानं नक्षीचा हात बसवण्यासाठी तो वापरायला माझी हरकत नाही. पण हायड्रोसल्फाइटचा रांजण कोमेजला की पूड टाकली, संपलं. जंतूंच्या रांजणाशी रोज बोलावं लागतं, आणि राखेच्या पाण्याचा सामू कपड्याच्या प्रत्येक बुडीत जाणवतो, हे ज्याला शिकायचं त्याला सुकुमोच हवा.

तो आज तोकुशिमातली मोजकी घराणी बनवतात. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी निळीच्या लागवडीवर बंदी आली. हे बी फार काळ उगवणक्षम राहत नसल्यानं पेरणी थांबली असती तर वाणच गेला असता. सातो घराण्यानं डोंगरात गुपचूप पीक घेऊन तो वाचवला. प्रवासी म्हणून जाणाऱ्याला तोकुशिमाजवळ आइझुमी इथल्या जुन्या निळीच्या व्यापाऱ्याच्या वाड्यात, ‘आइ नो याकाता’ संग्रहालयात, स्वतः रुमाल बांधून बुडवता येतो. जाताना जुने कपडे घालावेत. हातमोज्यातून निळा आत शिरला, तर नखांत तो बरेच दिवस मुक्काम करतो.