मोज्यातलं कस्टर्ड

'रँडम' कॉमेडी तुम्ही रोज बघता. सगळं नीट चाललेलं असतं, मध्येच भलतंच काहीतरी घुसतं, आगा ना पीछा, आणि तुम्ही हसत हसत ते ग्रुपवर टाकता. या प्रकाराच्या पणजोबांपैकी एक आपल्या नगरचा आहे. खरंच! स्पाइक मिलिगन, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. वडील आयरिश, इथल्या ब्रिटिश लष्करात. पोरगा पुण्यात कॉन्व्हेंटला शिकला, मग रंगूनला, आणि पुढे सगळं कुटुंब इंग्लंडला गेलं.

दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. १९४४ मध्ये इटलीत मॉर्टरच्या माऱ्यात जखमी झाला आणि मनानेही खचला.

१९५१ला बीबीसी रेडिओवर 'द गून शो' सुरू झाला. सोबत पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम. रेडिओवर सेट नाही, कॅमेरा नाही, म्हणजे काहीही घडवता येतं, हे मिलिगनने बरोबर हेरलं. एका भागात तर नेपोलियनचा पियानो पॅरिसहून पाण्यावर तरंगवत इंग्लंडला आणतात! आवाजांसाठी त्याचा हट्ट भारी. हवा तसा 'फच्च' आवाज मिळेना, तेव्हा कॅन्टीनमधलं कस्टर्ड त्याने म्हणे स्वतःच्या मोज्यात भरलं आणि आपटून पाहिलं.

पण दर आठवड्याला नवी स्क्रिप्ट, आणि बहुतेक लिखाण याच्याच डोक्यावर. १९५२च्या अखेरीस तो कोसळला, हॉस्पिटलात गेला. पुढे आयुष्यभर बायपोलर आजाराने त्याला सोडलं नाही. 'वेडं असल्याशिवाय असं सुचत नाही' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला ते अजिबात पटत नाही. तो आजारी होता तेव्हा त्याच्याविनाच एपिसोड रेकॉर्ड करावे लागले. आजार लिहीत नव्हता, तो लिहीत होता. १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्याने डिप्रेशनवर पुस्तकही केलं, आणि त्या काळात एवढं उघड बोलणारे सेलिब्रिटी फार नव्हते.

१९६९ला टीव्हीवर त्याचं 'क्यू फाइव्ह' आलं. स्केच मध्येच सोडून द्यायचं, पंचलाइन नाहीच! तेव्हा आपल्या शोची तयारी करणारी मॉन्टी पायथनची पोरं ते बघून हबकली, कारण त्यांना हेच करायचं होतं. मग त्यांनी मिलिगनचाच दिग्दर्शक इयन मॅकनॉटन घेतला.

त्याच वर्षी 'करी अँड चिप्स'मध्ये मात्र तो तोंडाला रंग फासून पाकिस्तानी बनला. नगरला जन्मलेल्या माणसाने हे केलेलं आज बघवत नाही.

गून शोचे भाग नेटवर मिळतात. पहिली दहा मिनिटं डोक्यावरून जातील, तरी थांबू नका.

तो २००२ मध्ये गेला, ८३व्या वर्षी. थडग्यावर त्याला एक इंग्रजी वाक्य हवं होतं, चर्चने नकार दिला. शेवटी आयरिश भाषेत कोरायची परवानगी मिळाली. अर्थ साधारण असा: सांगत होतो ना, बरं नाहीये म्हणून.