अक्षरांशी झुंजणारा विद्यार्थी : अध्ययन अक्षमता, देवनागरी लिपी आणि साहाय्याच्या वाटा

५.१ प्रास्ताविक



मराठीत 'ढ' हे एक अक्षर आहे आणि 'ढ' हे एक दूषणही आहे. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या प्रवासात बहुतेक अक्षरांची रूपे पालटली, 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून शिकवूनही ज्याच्यात बदल होत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, शाळेत हे दूषण ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यापैकी काहींची अडचण बुद्धीची नव्हती. ती खरोखरच अक्षरांची होती.

काही वर्षांपूर्वी लोकसाहित्याच्या संपर्कसत्रांना चाळिशीतील एक विद्यार्थिनी येत असत. त्या अंगणवाडीत काम करीत. जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या, आणि ओवीतील माहेराची प्रतिमा त्या ज्या बारकाईने उलगडून दाखवीत, तशी ती मला समीक्षेच्या पुस्तकांतही क्वचितच आढळली. परीक्षेत मात्र तीन तासांत त्यांची दोन उत्तरेही पुरी होत नसत. "सर, वाचायला बसलं की ओळी पळायला लागतात हो," असे त्या एकदा म्हणाल्या. आम्ही समंत्रकांनी त्यांना सराव वाढविण्याचा सल्ला दिला. दोन वेळा अनुत्तीर्ण झाल्यावर त्यांनी तिसऱ्या वर्षी परीक्षेचा अर्जच भरला नाही. त्यांना त्या वेळी काय सांगायला हवे होते, ते या घटकात मांडले आहे.

५.२ अडचणीचे स्वरूप

बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असूनही, पुरेशी संधी व अध्यापन मिळूनही, आणि दृष्टी व श्रवण व्यवस्थित असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांत सातत्याने येणारी अडचण म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. वाचनाशी निगडित अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाशी निगडित अडचणीला डिसग्राफिया आणि गणनाशी निगडित अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. 'तारे जमीन पर' (२००७) या चित्रपटामुळे यांपैकी पहिला शब्द घरोघरी पोहोचला. पण त्यामुळे हा लहान मुलांचा प्रश्न आहे असाही एक समज रूढ झाला. प्रत्यक्षात ही अक्षमता वयाबरोबर नाहीशी होत नाही. प्रौढ माणूस ती झाकायला शिकतो, एवढेच. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणे, चष्मा घरी राहिल्याचे सांगणे, सभेत वाचून दाखवायची वेळ येताच बाहेर जाणे, हे सारे या झाकण्याचेच प्रकार होत.

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबून लिपीचा विचार केला पाहिजे. डिस्लेक्सियाविषयी लोकप्रिय लेखनात जे आढळते ते बहुतांशी इंग्रजीवर आधारलेले असते. इंग्रजीत लेखन व उच्चार यांचा संबंध इतका अनियमित आहे की तेथे वाचकाची अडचण चुकांच्या रूपाने लगेच उघडी पडते. देवनागरीत हा संबंध पुष्कळसा नियमित आहे. ('जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य यांतील 'ज' वेगळे उच्चारले जातात, असे अपवाद आहेतच.) त्यामुळे मराठी वाचक अक्षर लावत लावत शब्दापर्यंत पोहोचतो, चुकत नाही, पण फार हळू वाचतो, आणि परिच्छेद संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरून जातो. इंग्रजी, फ्रेंच व इटालियन भाषक प्रौढांचा एक तौलनिक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. इटालियनचे लेखनही उच्चारानुसारी आहे. त्या अभ्यासातील डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक इतर दोन भाषांच्या वाचकांपेक्षा अधिक अचूक वाचत होते. परंतु वाचताना मेंदूच्या ज्या भागात क्रिया कमी दिसली तो भाग तिन्ही भाषकांत एकच होता. 'मराठी तर नीट वाचता येते, मग कसला डिस्लेक्सिया' हा युक्तिवाद म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. वेग हेही लक्षण आहे.

देवनागरीची स्वतःची अशी काही अवघड वळणे आहेत. 'किती' या शब्दात कानाला आधी 'क्' ऐकू येतो, डोळ्यांना मात्र आधी वेलांटी दिसते. 'अर्थ' मधील 'र्' उच्चारात 'थ'च्या आधी येतो, लेखनात त्याच्या डोक्यावर बसतो. शिवाय 'क्रम', 'राष्ट्र' आणि 'दुसऱ्या' या शब्दांत तोच 'र' आणखी तीन रूपे धारण करतो. 'अंक', 'चंद्र' आणि 'अंबा' यांत टिंब एकच, पण ध्वनी तीन. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातील भेद एखाद्या लहानशा वळणाचा किंवा गाठीचा. ज्याच्या मनात ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घट्ट बसलेली नाही, त्याला ही वळणे पन्नाशीतही नव्याने ओलांडावी लागतात.

५.३ बोली, शुद्धलेखन आणि अक्षमता

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी अध्ययन अक्षम नसतो. ज्या बोलीत 'ण' हा स्वतंत्र ध्वनीच नाही, ती घरी बोलणाऱ्याने 'न' लिहिणे हा बोलीचा प्रभाव आहे. तसेच ऱ्हस्व-दीर्घाचे. प्रमाण मराठीच्या उच्चारातही इकार-उकारांचे ऱ्हस्वत्व वा दीर्घत्व फारसे अर्थभेदक राहिलेले नाही. शासनाने १९६२ साली मान्य केलेले आणि १९७२ साली चार नियमांची भर घातलेले शुद्धलेखनाचे नियम ते लेखनात सांभाळतात. तेव्हा तेथील चुका सुशिक्षितांच्याही होतात.

भेद ओळखण्याची एक खूण सांगतो. बोलीच्या प्रभावातून होणारी चूक नियमित असते. 'पानी' लिहिणारा 'लोनी' आणि 'कोन'ही लिहितो. अक्षमतेतून होणारी चूक अनियमित असते. एकाच पानावर 'परिस्थिती' हा शब्द तीन वेळा आला तर तो तीन तऱ्हांनी लिहिला जातो. काना गळतो, जोडाक्षराचा एक घटक हरवतो, अक्षरांचा क्रम उलटतो, आणि लिहिणाऱ्याला पुन्हा वाचूनही ते दिसत नाही. ही खूण म्हणजे निदान नव्हे. निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते. पण तज्ज्ञाकडे जावे की नाही हे ठरविण्यास ती पुरेशी आहे. स्वतःच्या जुन्या उत्तरपत्रिका किंवा स्वाध्याय घेऊन बसा आणि एकाच शब्दाची रूपे अधोरेखित करून पाहा.

५.४ तपासणी आणि प्रमाणपत्र

शालेय पातळीवर अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा आरंभ महाराष्ट्राने १९९६ सालीच केला होता. देशपातळीवर मात्र १९९५च्या कायद्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने ही संख्या एकवीसवर नेली आणि तीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. चाळिशी-पन्नाशीच्या विद्यार्थ्यांची शाळा सुटली तेव्हा देशपातळीवर अशी तरतूद अस्तित्वात नव्हती. त्यामुळे त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसणे स्वाभाविक आहे.

प्रमाणपत्रासाठी 'स्वावलंबन' या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. नंतर नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि दिव्यांगत्व ठरल्यास वैश्विक ओळखपत्र मिळते. अठराव्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरावे, अशी तरतूद २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत केलेली आहे. तपासणीपूर्वी दृष्टी आणि श्रवण यांची चाचणी करून घ्यावी. शाळेची प्रगतिपुस्तके, जुन्या वह्या, शिक्षकांचे शेरे हाती असतील तर बरोबर न्यावेत, कारण अडचण बालपणापासूनची आहे हे त्यांतून दिसते.

अडचण खरी येथे येते. उपलब्ध चाचण्या प्रामुख्याने मुलांसाठी आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी तयार केली. मराठीच्या दृष्टीने ते मोलाचे काम आहे, पण तीही प्राथमिक वर्गांतील मुलांसाठीच. प्रौढ अर्जदाराला 'हे तर मुलांचे असते' असे ऐकून परतावे लागण्याचा संभव असतो. अधिनियमात वयाची अशी मर्यादा नाही. तसे उत्तर मिळाल्यास ते लेखी मागावे. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो : ज्या भाषेतून तुम्ही शिकलात त्याच भाषेत वाचन-लेखनाची चाचणी घ्या, अशी विनंती करा. मराठी माध्यमातील माणसाची इंग्रजी उताऱ्यावर परीक्षा घेतली तर तिच्यातून त्याचे इंग्रजी कळेल, अक्षमता कळणार नाही.

५.५ परीक्षेतील सवलती

अधिनियमाच्या सतराव्या कलमात जादा वेळ, लेखनिकाची सोय आणि परीक्षापद्धतीतील योग्य बदल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाला 'लक्षणीय दिव्यांगत्व' म्हणतात. लेखी परीक्षांविषयी केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या सूचनांनुसार अशा परीक्षार्थीला दर तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास अधिक देण्याची तरतूद झाली. लेखनिक हवा असेल तर लिहिण्यास अडचण असल्याचे जिल्हा शल्यचिकित्सकांचे वेगळे प्रमाणपत्र लागते.

प्रमाण चाळीस टक्क्यांहून कमी निघाले म्हणून निराश होऊ नका. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनकंपाने त्रस्त असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात निर्णय दिला, की लेखनिकाची सोय केवळ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा परीक्षार्थींसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

विद्यापीठाच्या परीक्षेसाठी अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो, आणि तो वेळेत करावा लागतो. परीक्षा आठवड्यावर आली असता केंद्रसंयोजकांच्या हाती फारसे काही उरत नाही. परीक्षेचा अर्ज भरतानाच सोबत सवलतीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि एक प्रत परीक्षा विभागाकडे पाठवावी. अर्जात 'मला अभ्यास जमत नाही' असे लिहू नये. 'एक पान वाचण्यास मला अमुक मिनिटे लागतात', 'मी तोंडी उत्तर देऊ शकतो पण तेच लिहिताना अक्षरे गळतात' असे नेमके लिहावे. दखल घेतली गेली नाही, तर शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची तरतूद तेविसाव्या कलमात आहे. त्यापुढे पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

मराठी हाच तुमचा मुख्य विषय असल्याने भाषेतून सूट मागण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि साहित्यविचाराच्या उत्तरपत्रिकेत आशय आणि शुद्धलेखन यांचे गुण वेगळे मोजले जावेत, असे माझे वैयक्तिक मत आहे.

५.६ वाचनाची अन्य साधने

प्रमाणपत्र हाती येईपर्यंत अभ्यास थांबवू नये. ऐकून शिकणे हेही शिकणेच आहे. आपले वाङ्मय कित्येक शतके कीर्तनातून, जात्यावरून आणि पारायणातून कानांनीच पोहोचले. आज साध्या स्मार्टफोनमधील वाचनसुविधा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविते, आणि मराठीत बोलून टंकलेखनही करता येते. यंत्राचे उच्चार कधी कधी हसू आणतात, पण काम भागते. छापील पुस्तक वाचण्यास अक्षम असणाऱ्यांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झाले आहे. अशा वाचकांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्यास २०१२च्या दुरुस्तीनंतरचा आपला स्वामित्वहक्क कायदा परवानगी देतो, आणि याच विषयावरील २०१३च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. घरातील कोणी तुमचे अभ्यासपुस्तक तुमच्यासाठी ध्वनिमुद्रित करीत असेल, तर त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मुंबईची महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था १९९६पासून या क्षेत्रात आहे. तिचे काम प्रामुख्याने मुलांसाठी असले, तरी माहिती विचारण्यास हरकत नाही.

वाचताना ओळीखाली पट्टी धरणे, उताऱ्याची छायाप्रत मोठ्या अक्षरांत काढणे, लांब उत्तर आधी बोलून मुद्रित करणे आणि मग उतरविणे, हे उपाय साधे वाटतील. ते दोन आठवडे करून पाहा आणि वेळ घड्याळ लावून मोजा. तो आकडा अर्जातही उपयोगी पडेल.

कृती

या घटकातील कोणतेही एक पान स्वतः वाचा आणि लागलेला वेळ नोंदवा. तेच पान दुसऱ्याकडून वाचून घेऊन ऐका. दोन्ही वेळा काय लक्षात राहिले ते चार-चार वाक्यांत, लिहून किंवा बोलून, सांगा. दोहोंत मोठा फरक आढळल्यास ही नोंद पुढील संपर्कसत्रात आपल्या समंत्रकांना दाखवा.